पोचा

“तिथं नको बाळा, इथं पाड,” असं म्हणत आईने फ्रीजच्या दारावर बोट टेकवलं आणि ती तशीच उभी राहिली. नुकतीच भांडी विसळून आली होती, बोट ओलं होतं. माझ्या मुलाने सकाळपासून आतून-बाहेरून मापं जुळवून चिकटपट्टीवर पेन्सिलीने जी फुली मारली होती, ती दाराच्या बरोबर मधोमध होती. आईचं बोट तिच्या डावीकडे वीतभर आणि थोडं वर, लिंबाएवढ्या एका जुन्या पोच्यावर होतं. मुलाने समजावलं, “आजी, तिथं पत्रा आत गेलाय. नळाची चकती सपाट बसायची नाही, फटीतून गारवा जाईल.” ती म्हणाली, “बसव की कशी तरी. एवढं शिकलायस.” आणि पदराला हात पुसत आत गेली. पोच्याच्या खळग्यात पाण्याचा एक थेंब राहिला होता. तो ओघळून खाली येईपर्यंत आम्ही दोघे काही न बोलता पाहत होतो.

काम होऊन आता दीड महिना उलटला. भोक पडलं, नळ बसला, मुलगा बंगळुरूला परत गेला. ते ओलं बोट मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. घरातल्या कुठल्याही वस्तूबद्दल ती हट्ट धरत नाही. तिची शिलाई मशीन गेली, पितळी घंगाळ गेलं, पाटा-वरवंटा परसात गेला, ती कधी बोलली नाही. आणि भोक दारात कुठे पाडायचं एवढ्यावर तिने आपलं म्हणणं लावून धरलं. पहिल्यांदा मला वाटलं, कुंकवामुळे असेल. खंडेनवमीला आमच्याकडे मशीन, मोटार, सायकल, विळी यांच्याबरोबर फ्रीजचीही पूजा होते. मधोमध स्वस्तिक निघतं आणि त्याचा फिकट गुलाबी डाग वर्षभर तिथे राहतो. त्या जागी ड्रिल नको, असं तिच्या मनात असणार. ही समजूत मला पटली आणि आवडलीही. मी ती बायकोला सांगितली, फोनवर ताईला सांगितली. ताई म्हणाली, “असेल बाबा.” त्या ‘असेल’मध्ये काहीतरी राहून गेलं होतं.

हा फ्रीज १९८६ च्या मे महिन्यात आमच्या खानापूरच्या घरी आला. ऑल्विनचा, १६५ लिटरचा, आकाशी रंगाचा. मी आठवीत जाणार होतो आणि सुट्टीला निपाणीला मामाकडे होतो. परत आलो तर सोप्यात, भिंतीवरच्या देवांच्या तसबिरींखाली, लोखंडी स्टँडवर तो उभा. आतला दिवा दार लावल्यावर विझतो की नाही हे बघायला मी किती वेळा दार किलकिलं केलं असेल! आणि त्या नव्याकोऱ्या दारावर हा पोचा. बाबांनी सांगितलं, बेळगावहून येताना टेम्पोत गॅसची टाकी कलंडली आणि दाराला लागली. कुणीही नवा माणूस फ्रीज बघायला आला की बाबा ही गोष्ट सांगायचे. टेम्पो कुठल्या वळणावर हेलकावला तेही सांगायचे. ऐकून ऐकून मला ती टाकी कलंडताना दिसायची. पुढे माझ्या मुलाला मी ती सांगितली, तेव्हा वळणासकट सांगितली.

गॅसची टाकी टेम्पोत असायला कारण होतं. आमचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना हा आमचाच शब्द. खरं तर घरामागची पत्र्याची शेड, एक मशीन, पाण्याचा हौद आणि लाकडी क्रेट. गोटी सोडा. जाड हिरवट काचेची बाटली, आवळलेला गळा आणि गळ्यात अडकलेली गोटी. ही बाटली १८७२ साली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने काढली हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी मला ती आमच्याच गावची वाटायची. पाणी भरलेल्या बाटल्या मशीनच्या पिंजऱ्यात अडकवायच्या, गॅसचा नळ सोडायचा आणि हाताने चाक फिरवत राहायचं. पिंजरा गरगरा फिरे, बाटल्या उलट्या-सुलट्या होत, आतलं पाणी उसळून गॅस पिऊन घेई. मग बाटली उलटी असतानाच गोटी घरंगळत तोंडाशी येई आणि आतल्या गॅसच्याच रेट्याने रबराच्या कड्याला घट्ट चिकटून बसे. झाकण नाही, बूच नाही. एखादी बाटली फुटायची, म्हणून पिंजऱ्याला जाळी. फुटली की बंदुकीसारखा आवाज यायचा आणि गल्लीतले कुत्रे भुंकायला लागायचे. शेडमध्ये कायम ओल्या लाकडाचा, लिंबाच्या इसेन्सचा आणि नाकात झिणझिण्या आणणारा एक वास असे. गॅसला वास नसतो असं शाळेत शिकवलं तेव्हा मला ते पटलं नव्हतं. आमच्या शेडमध्ये तो होता.

उन्हाळा हा आमचा सुगीचा काळ. गावोगावच्या लक्ष्मीच्या जत्रा, लग्नसराई, बाजाराचा दिवस. बर्फाच्या लाद्या बेळगावहून भुश्यात गुंडाळून पोत्यातून यायच्या, त्यातला अर्धा बर्फ हौदात पडायचा. “गार पाण्यालाच गॅस धरतो,” हे वाक्य मी आमच्या घरात ‘शुभं करोति’इतकं ऐकलं आहे. त्या एका उन्हाळ्याच्या कमाईतून फ्रीज आला. तो घरापुरता कधीच नव्हता. शेजारच्या आजोबांची इंजेक्शनं त्यात असायची, कुणाच्या बारशाचं श्रीखंड असायचं, रमजानच्या दिवसांत मागच्या गल्लीतली पोरं संध्याकाळी भांडी घेऊन बर्फाला यायची. एकदा बर्फाचा ट्रे सुटेना म्हणून ताईने सुरी घातली आणि फस्स करून फ्रीजरची भिंत फुटली. बेळगावच्या मेकॅनिकमामांनी येऊन भोक बुजवलं, नव्याने गॅस भरला, आणि जाताना सुरी मागून घेऊन ती कपाटावर ठेवली. ती अजून तिथेच असेल.

१९९६ च्या सुमाराला सोडा बंद झाला. प्लॅस्टिकच्या बाटल्या खेड्यापाड्यांतून पोचल्या होत्या, गोटीच्या बाटल्या परत येईनाशा झाल्या होत्या. मशीन भंगारात गेली. बाबा २००९ साली गेले. २०१२ मध्ये दोन दारांचा नवा फ्रीज आला आणि जुना मागच्या पडवीत गेला. आंब्याच्या दिवसांत तो चालू व्हायचा, एरवी आत उशा आणि जुनी अंथरुणं. मी त्याला बाबांचा फ्रीज म्हणायचो.

मुलगा एप्रिलमध्ये महिनाभर घरून काम करायला आला. दोन वर्षं तो अमेरिकेत शिकायला होता. तिथे त्याच्याबरोबर राहणाऱ्या पोरांनी जुन्या फ्रीजच्या दाराला नळ लावून घरातच पिंपातली बिअर काढायची सोय केली होती. १९७८ साली तिथे कायदा बदलला तेव्हापासून घरच्यापुरती बिअर घरी करायला तिथे मोकळीक आहे आणि त्यातून हा छंद घराघरांत पसरला, असं त्याने सांगितलं. पडवीतला फ्रीज बघून तो उशा बाहेर काढायलाच लागला. “पप्पा, कॉम्प्रेसर अजून चालतोय. याचं सोनं करतो बघा.”

मी लगेच हो म्हणालो नाही. वर्षातून तीन-चारदा मित्रांबरोबर मी बिअर घेतो, चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला उतरलो की घेतो. पण घरात कधी आणली नाही. आमच्या घरात दारू एका माणसाने आणली होती. माझे धाकटे काका. सोड्याच्या चाकावर त्यांच्यासारखा हात कुणाचा नव्हता. मला सायकल त्यांनी शिकवली, मलप्रभेत पोहायला त्यांनी शिकवलं. आणि संध्याकाळ झाली की ते सारायीच्या, म्हणजे देशी दारूच्या, पाकिटांकडे वळायचे. प्लॅस्टिकचं छोटं पाकीट, कोपरा दातांनी फाडायचा, तोंडात रिकामं करायचं. आमच्या गटारात ती पाकिटं पावसाळ्यात तरंगत यायची. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायी बंद झाली. काका त्याच्या नऊ वर्षं आधी गेले. त्यांचं पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि उशाखाली माझ्या शाळेच्या सहलीचा एक फोटो. मी त्यांच्यावर रागावू शकलो नाही, अजूनही शकत नाही. घरात बिअरचा नळ म्हटल्यावर पहिल्यांदा तो फोटोच आठवला.

मुलाशी बोललो. तो शांतपणे ऐकत होता. इथल्या कायद्याने घरी बिअर गाळायला परवाना लागतो, ते करायचं नाही, हे त्याचं आधीच ठरलं होतं. “आधी यंत्र तरी नीट होऊ दे,” तो म्हणाला. “पाणी भरून बघू, सोडा करून बघू. पुढचं पुढे.” सोडा हा शब्द त्याने सहज उच्चारला. मी मान डोलावली.

पुढचे पाच दिवस मी गेल्या कित्येक वर्षांत अनुभवले नव्हते इतके भरून गेले. आतल्या जाळ्या, भाजीचा ट्रे, अंड्यांचा कप्पा, सगळं निघालं. दाराच्या आतला प्लॅस्टिकचा साचा कापावा लागला, कारण १९ लिटरचं पिंप उभं ठेवायचं तर बाटल्यांचे कप्पे आड येत होते. त्या प्लॅस्टिकमागून एकदम जुना वास आला. लिंबू, दूध, रबर आणि थंडी यांचा मिळून एक. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “उघडलं का दार?” तिला तो वास तिथवर पोचला होता.

मुलगा प्रत्येक गोष्ट करताना कारण सांगत होता आणि मला ते ऐकायला फार बरं वाटत होतं. जुन्या फ्रीजची काळी जाळी मागे उघडी असते, उष्णता तिथून बाहेर पडते. नव्या फ्रीजच्या त्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड लपवलेल्या असतात. चुकून ड्रिल लागलं की फ्रीज संपला. शिवाय हल्लीच्या पुष्कळ फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो, तो पेट घेणारा वायू. म्हणून भोक पाडायचं तर दारात. दारात नळी नसते, फक्त पत्रा आणि मधलं भरण. पिंप त्याने ऑनलाइन मागवलं होतं. स्टीलचं, गुडघ्याहून थोडं उंच, वर दोन खुंट्या: एकीतून गॅस आत, दुसरीतून पेय बाहेर. घरगुती बिअरवाले सगळे हेच पिंप वापरतात, पण ते मुळात बिअरसाठी नव्हतंच, असं तो म्हणाला. अमेरिकेतल्या शीतपेयांच्या कंपन्या त्यातून सरबताचा पाक दुकानांना पुरवायच्या. पुढे पाक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पुठ्ठ्याच्या खोक्यातून जायला लागला, पिंपं स्वस्तात निघाली आणि घरी बिअर करणाऱ्यांनी ती उचलली.

म्हणजे हे सोड्याचंच पिंप होतं. मी त्यावर हात ठेवला. गार होतं.

पोच्यावर नळ बसवायचा म्हणजे मधे भरपाईची चकती लागणार. आम्ही बेळगावला उद्यमबागेत गेलो. खानापूर रस्त्यावरून जाताना डाव्या-उजव्या हाताला शेडमधून लेथचे, ग्राइंडरचे आवाज येत होते, हवेत ओतशाळेच्या तापल्या वाळूचा वास. मुलाने मोबाईलवर पोच्याचा फोटो दाखवला. मिस्त्रींनी तो मोठा करून बघितला, पेन्सिलीने कागदावर एक बशीसारखी आकृती काढली आणि एका बाजूला फुगीर, दुसऱ्या बाजूला सपाट असं जाड रबर कापून घासून दिलं. “अण्णा, पोचा ठोकून सरळ करता येत होता की,” ते मला म्हणाले. मी म्हटलं, “आईला तिथंच हवं आहे.” त्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

भोक पाडायच्या वेळी आई पडवीत येऊन खुर्चीवर बसली. २२ मिलिमीटरचा गोल करवतीचा दात पोच्याच्या तळाला टेकला, किंचाळला, रंगाचे आकाशी कपचे उडाले, मग चंदेरी चुरा, मग एकदम आवाज मऊ झाला आणि आतली पिवळी काचेची लोकर दिसली. मुलाने ड्रिल मागे ओढलं. करवतीच्या पोटात पत्र्याची गोल चकती अडकून बसली होती. मधे छोटं छिद्र, एका अंगाला आकाशी रंग, बशीसारखी खोलगट, कडा हाताला पोळेल इतकी तापलेली. ती मी खिशात टाकली. बाबांच्या फ्रीजचा तुकडा म्हणून जपून ठेवावी असं वाटलं. आईने बघितलं, पण बोलली नाही.

मग आत फिरणारा छोटा पंखा बसला, कारण अशा फ्रीजमध्ये वर गारठा आणि खाली कोमट असं होतं, आणि नळाजवळची नळी कोमट राहिली की पहिला ग्लास नुसता फेस. पेयाची नळी बारीक आणि मुद्दाम लांब, दहा फुटांची, गुंडाळी करून. लांब नळीतून येताना जोर मोडतो आणि धार शांत पडते. बिअरसाठी तापमान तीन-चार अंश, गॅसचा दाब १० ते १२ पौंड. दोन किलोची टाकी कॉम्प्रेसरच्या कुबडावर, आतच. सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे, हे मी त्याला सांगायच्या आधीच त्याच्या हातात ब्रश होता.

रात्री गडबड झाली. टाकी बाहेर असताना तिच्यावरच्या दाबाचा काटा हजाराच्या आसपास होता. जेवून उठून बघितलं तर निम्म्याच्या जवळ. मुलगा घाबरला. पुन्हा साबण, पुन्हा प्रत्येक सांधा, एकही बुडबुडा नाही. काटा आणखी उतरत होता. मीही वाकून कान लावून बसलो. वळवाचा पाऊस येऊन गेला होता, पडवीच्या पत्र्यावरून थेंब पडत होते, त्यामुळे काही ऐकूही येईना. आई दारात येऊन उभी राहिली.

“काय करायलाय रे दोघं?”

“गॅस गळतोय आजी. काटा बघ.”

“गार पडली की काटा उतरतोच. आत पाणी झालेला गॅस असतो, उन्हात चढतो, थंडीत उतरतो. काट्यावर जाऊ नको. टाकी वजन कर.”

टाकीच्या मानेवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं हेही तिनेच दाखवलं, बोट फिरवून. शेजारच्या किराणा दुकानातून वजनकाटा आणला. गॅस जागच्या जागी होता, दोन किलोला जेमतेम काही ग्रॅम कमी. मुलगा तिच्याकडे बघत राहिला आणि मीही. चाकावर मला बाबा आठवत होते, काका आठवत होते. आई आठवत होती ती ओट्याशी.

दुसऱ्या दिवशी पिंपात गार पाणी, थोडं मीठ, लिंबू आणि जिरं. रात्रभर १२ पौंडावर ठेवून सकाळी पहिला ग्लास आईला. नळाची दांडी मुलाने तिच्याकडून ओढवली. धार सुंदर आली, काचेवर लगेच दव धरलं. तिने घोट घेतला, तोंडात धरला, गिळला.

“नाकात जात नाही.”

“म्हणजे?”

“गॅस कमी आहे. हा तुझ्या बिअरचा असेल. सोड्याला लई लागतो. तीस लाव.”

मुलाने तक्ता काढून बघितला. चार अंशांना १२ पौंडावर पाण्यात जेवढा गॅस मुरतो, तो बिअरला बरोबर; सोड्याला त्याच्या दीडपटीहून जास्त हवा, म्हणजे तीसच्या आसपास. त्याने दाब वाढवला, पिंप मांडीवर आडवं घेऊन हलवायला लागला. “असं नाही,” म्हणत आईने खुर्ची पुढे ओढली आणि पिंपावर दोन्ही तळवे ठेवून ते पुढे-मागे लोटलं. लांब, सावकाश, खांद्यातून. तो झोका मी ओळखला. पहाटे अर्धवट झोपेत मी जो आवाज ऐकायचो, घळ-घळ-घळ, मधे एक श्वासाएवढी थांबण, आणि पुन्हा घळ-घळ, त्याची लय तीच होती. पस्तीस-चाळीस वर्षं मी त्या आवाजाला बाबांचा आवाज समजत आलो.

मी विचारलं. ती हात न थांबवता बोलली. बाटली फुटून बाबांच्या मनगटाची शीर तुटली होती, मी दुसरीत असताना. त्यानंतर त्यांना चाक पेलत नव्हतं. काका मनात आलं तर फिरवायचे. मग चार वाजता उठून ती फिरवायची, गिऱ्हाईक यायच्या आत, बाईने चाक फिरवलेलं कुणी बघू नये म्हणून. सहाला अंघोळ करून चुलीपुढे. “तुम्ही उठायचात तेव्हा मी पोहे करत असायची.”

मला तिच्या तळहातांकडे बघवेना. आणि बघितल्याशिवाय राहवेनाही.

त्या रात्री पडवीत आम्ही दोघंच होतो. दाब मुरायला ठेवला होता, फ्रीज मधूनमधून धडधडून थांबत होता. मी म्हटलं, “आई, कुंकवासाठी म्हणालीस ना, मधे भोक नको म्हणून?”

“कुंकू काय, बाजूलाही काढता येतं.”

मग बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “टेम्पोत नाही झालं ते. तुझ्या काकानं मारलेली बाटली. भरलेली होती.”

फ्रीज येऊन चार दिवस झाले होते. बाबा बेळगावला गेले होते. काकांनी पैसे मागितले, तिने नाही म्हटलं. ती फ्रीजपुढे उभी होती. बाटली तिच्या खांद्याजवळून गेली. हे सांगताना तिने खांदा किंचित आत घेतला, एवढंच. काका नंतर तिथेच जमिनीवर बसून रडले आणि काचा त्यांनीच वेचल्या. बाबा आल्यावर टेम्पोचं सांगायचं ठरलं. ताई घरात होती, तिला माहीत होतं.

“मला का नाही सांगितलं?”

“तू त्याच्या मागं-मागं हिंडायचास.”

बाहेर बेडूक ओरडत होते. मी म्हटलं, “मग नेमकं तिथंच नळ कशाला?”

“चांगली जागा कशाला बिघडवायची? तिथं बिघडलेलंच होतं.”

मी गप्प राहिलो. तिलाही पुढे काही सांगायचं नव्हतं. थोड्या वेळाने तिने आपल्याआपणच दुसरं बोलणं काढलं, की आपला निम्मा सोडा तरी दारूच्या दुकानांनाच जायचा, ते तिला तेव्हाही ठाऊक होतं, आणि त्याच पैशांनी ताईची फी भरली. हे तिने हिशेब सांगावा तसं सांगितलं. मी आजवर आमच्या सोड्याकडे फक्त जत्रेतून बघत आलो होतो. उन्हात उभी पोरं, लाकडी खुंटीने गोटी आत दाबल्यावरचा ‘फट्’ आवाज, ओसंडणारा फेस. ते खोटं नव्हतं. पण संध्याकाळचे क्रेट कुठे जात होते हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि काका ते क्रेट पोचवायला जायचे हे तर मला पक्कं आठवतं. सायकलच्या दांड्यावर मी असायचो.

सकाळी मुलाने नळी आणखी दहा फूट वाढवली, कारण तीस पौंडावर आखूड नळीतून नुसता फेसच आला असता. आईने घोट घेतला आणि डोळे मिटले. नाकपुड्या फुलल्या, डोळ्यांत पाणी आलं. “हां,” ती म्हणाली. त्या दिवशी गल्लीतली दहा-बारा पोरं ग्लास घेऊन येऊन गेली.

जाण्याआधी मुलाने तिला सरळ विचारलं, “आजी, बिअर आणली तर चालेल का तुला?” त्याच्याकडे दुसरा नळही आहे, त्यासाठी पहिल्या फुलीची चिकटपट्टी त्याने अजून काढलेली नाही. आई म्हणाली, “कायद्यानं मिळंल ती आण, घरात बसून घे, जेवून घे. पैसे मागायची वेळ आली तर त्या दिवशी बंद कर.” त्याने मान हलवली. तिने त्याचा हात हातात घेऊन धरून ठेवला, तो गाडीत बसेपर्यंत. काकांची गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नाही. सांगणार आहे. टेम्पोचं वळण मीच त्याला सांगितलं होतं, तेव्हा हेही मीच सांगायला हवं.

परवा दुपारी आई म्हणाली, “ती पत्र्याची चकती कुठं ठेवलीस?” माझ्या टेबलाच्या खणात होती, रुमालात गुंडाळलेली. आणून दिली. पडवीच्या फरशीला उतार आहे, फ्रीजचा स्टँड पुढच्या डाव्या पायावर कायम डुगडुगतो, तिथे पुठ्ठ्याची घडी घातलेली असायची. पावसाने ओल येऊन ती घडी कुजली होती. आई म्हणाली, “उचल जरा.” मी खांदा लावून स्टँड उचलला. तिने वाकून कुजका पुठ्ठा काढला, चकती सरकवली, पालथी करून बघितली, पुन्हा सरळ केली. “सोड.” मी सोडला. वजनाखाली पत्रा कट्कन दबल्याचा आवाज आला. कॉम्प्रेसर सुरू झाला आणि पिंप, टाकी, नळ, सगळं धरून फ्रीज न हलता घुमू लागला. आईने दारावर तळहात ठेवून खात्री केली आणि अर्धा ग्लास काढून घेतला.